ठोका कुणाकडे आहे? मुलांना सिंकोपेशन शिकवताना

प्रश्न असा आहे: आठ ते अकरा वर्षांची पंधराएक मुलं. सरळ लय बऱ्यापैकी धरतात, क्रॉचेट (एका ठोक्याचा स्वर) आणि क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचा) वाचतात. पण ‘ती-ता-ती’, म्हणजे क्वेव्हर-क्रॉचेट-क्वेव्हर, आलं की कुणी तीन सारख्या टाळ्या वाजवतं, कुणी धावत सुटतं, कुणाचा पायच थांबतो. दहादा वाजवून दाखवलं तरी फरक नाही. कुठून सुरुवात करायची?

आधी ते वाजवून दाखवणं थांबवा. तुम्ही नमुना वाजवता तेव्हा मुलं तुमच्या हातांकडे बघतात, आणि हातात सिंकोपेशन नसतंच. हातात असतं फक्त आखूड-लांब-आखूड. खाली ठोका चालू असतो, त्या ठोक्यावर आवाज यायला हवा होता आणि तो आला नाही, आधीच येऊन गेला, हे जाणवलं की मगच त्याचं सिंकोपेशन होतं. तुमच्या डोक्यात ठोका चालू असतो म्हणून तुम्हाला ते ऐकू येतं. मुलाच्या डोक्यात तो नसेल तर त्याच्या कानावर तीन टाळ्याच पडतात, आणि तो इमानदारीने तीन टाळ्याच परत देतो. म्हणून या विषयात प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच: आत्ता ठोका कुणाकडे आहे? उत्तर ‘कुणाकडेच नाही’ असं असेल तर पुढचं सगळं वाया.

व्याख्या मुलांना सांगायची गरज नाही, पण शिकवणाऱ्याच्या डोक्यात ती स्पष्ट हवी. कानाला जिथे वजन अपेक्षित असतं तिथून ते तीन प्रकारे हलवता येतं: ठोक्यावर विश्रांती ठेवून, ठोक्याआधीचा स्वर ठोक्यावरून पलीकडे ओढून, किंवा कमकुवत जागी मुद्दाम जोर देऊन. मुलांना ओढण्याचा प्रकार सगळ्यांत जड जातो, आणि ती-ता-ती नेमका त्यातलाच. पुस्तकांत तो पहिला येतो, कारण कागदावर तो सोपा दिसतो. शरीराला मात्र विश्रांतीचा प्रकार आधी समजतो. तेव्हा क्रम बदला. आणि चार ठोक्यांतल्या दुसऱ्या-चौथ्यावर टाळी द्यायला लावणं म्हणजे ‘ती-ता-तीसारखं सिंकोपेशन झालं’ असं समजू नका. ती टाळी ठोक्यावरच पडते, दोन ठोक्यांच्या मध्ये नाही. सराव म्हणून चांगली आहे, पण ती दुसरीच गोष्ट.

सुरू करण्याआधीची तपासणी

तीन गोष्टी बघा, दहा मिनिटांत होतात. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ८४ वर, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके, ठेवा. मुलं आठ ठोके चालतील, मग मेट्रोनोमचा आवाज बंद करा, आणखी आठ ठोके चालत राहतील, मग आवाज परत. परत आल्यावर बहुतेकांची पावलं त्याच्या आसपास असली की पुरे. दुसरी: पाय ठोक्यावर आणि तोंडाने सलग ‘ती-ती ती-ती’, सोळा ठोके. तिसरी: बसून, ठोक्यावर दोन्ही हात मांडीवर आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये टाळी. मांडी-टाळी, मांडी-टाळी, हेही सोळा ठोके.

तिसरी जमत नसेल तर ती-ता-तीला हातच लावू नका. ज्या मुलाला दोन ठोक्यांच्या मधली जागा सापडत नाही, तो तिथून सुरू होणारा लांब स्वर कुठून आणणार? सहा-सात वर्षांच्या मुलांना बहुधा या पायरीवरच काही आठवडे राहावं लागतं, आणि त्यांनी राहावं. त्या वयात गाऊन, चालून, खेळून सिंकोपेटेड चाली कानात मुरल्या तरी भरपूर झालं. चिन्हं वाचण्याची घाई नको.

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की अवघड गोष्ट हळू केली की सोपी होते. लहान मुलांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. ६० च्या खाली दोन ठोक्यांमधलं अंतर त्यांना मोजता येत नाही, ती मध्येच कुठेतरी हात टाकतात. ७६ ते ९२ ही या वयाला मानवणारी पट्टी. ११० च्या वर गेलात की टाळ्यांचा चिखल होतो.

मधली जागा

मांडी-टाळीचा खेळ हाच पाया आहे, त्यामुळे तो नीट वापरून घ्या. मांडीवरचा हात ठोका धरतो, टाळी मधल्या जागेवर पडते. आता मांडीचा आवाज टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा: चार वेळा जोरात, चार वेळा हलका, चार वेळा नुसता स्पर्श, चार वेळा मांडीच्या वर दोन बोटं हवेत. टाळी मात्र तशीच. मांडीचा आवाज गेला की खोलीत फक्त मधल्या टाळ्या उरतात, आणि इथेच तो प्रसिद्ध घोटाळा होतो. सहाव्या-आठव्या टाळीला अर्धा वर्ग उलटतो आणि ती टाळी हाच ठोका समजू लागतो. यात मुलांचा आळशीपणा नाही. सलग, सारख्या अंतराने येणारा एकच आवाज कान ठोका म्हणूनच ऐकतो, मोठ्यांचाही. म्हणून निव्वळ मधल्या टाळ्या आठच्या वर सलग ठेवू नका. आठ झाल्या की मांडीचा आवाज परत आणा. जे उलटले होते त्यांना त्या क्षणी स्वतःलाच कळतं, तुम्हाला बोलावं लागत नाही.

मोजायला ‘एक नि दोन नि तीन नि चार नि’ वापरा. ‘आणि’ नको, त्यात दोन अक्षरं आहेत आणि मुलं नकळत अर्ध्याचे तुकडे करतात. ‘अन्’ बंद होतो, ओढता येत नाही. ‘नि’ आखूडही म्हणता येतो आणि लांबवताही येतो, आणि हे पुढे कामाला येतं.

विश्रांतीने सुरू होणारे नमुने (पहिल्या ठोक्यावर शांतता, मग ‘नि’वर आवाज) इथेच घेऊन टाका. शांततेच्या जागी मुलांना काहीतरी करायला द्या, नुसतं थांबा म्हटलं की ती उशिरा येतात. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे श्वास. ठोक्यावर ऐकू येईल असा ‘हं’ आत घ्यायचा आणि ‘नि’वर गायचं. गाणाऱ्याला श्वास तर घ्यायचाच असतो, त्यामुळे हा उपाय पुढे कुबडी ठरत नाही. वाद्य वाजवणाऱ्यांनी हनुवटी किंचित खाली करावी.

मेट्रोनोमचीही इथे एक चांगली युक्ती आहे. आधी १६० वर लावा, म्हणजे ठोका आणि मधली जागा दोन्हीकडे टिकटिक मिळते. मग ८० वर आणा, मधली टिकटिक मुलांची. शेवटी ८० तसाच ठेवून मुलांना सांगा, की आता ऐकू येते ती टिकटिक ‘नि’ आहे, ठोका तुमचा. हे तिसरं दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही पहिल्या दिवशी जमत नाही. पण जमलं की पुढचं निम्मं काम झालेलं असतं.

ती-ता-ती कसं बांधायचं

चार मुलं एका ओळीत उभी करा. प्रत्येकाकडे एक क्वेव्हर: ती, ती, ती, ती. पहिला आणि तिसरा ठोक्यावरचे, म्हणून ते आपलं अक्षर म्हणताना पायही आपटतील. दुसरा आणि चौथा फक्त बोलतील. हे तीन-चार वेळा सलग फिरवा, न अडखळता येऊ द्या. आता दुसऱ्या आणि तिसऱ्याने हात धरायचा. हात धरला म्हणजे दोघांचा मिळून एकच स्वर: दुसरा ‘ता’ सुरू करेल, तिसरा नवं अक्षर म्हणणार नाही, तोच ‘आ’ पुढे धरून ठेवेल. पण तिसऱ्याचा पाय मात्र पूर्वीसारखाच आपटला पाहिजे.

तो तिसरा मुलगा बघा. त्याचा पाय पडतोय आणि तोंडातून नवीन काही येत नाही, सिंकोपेशन त्या पायात आहे. ओळीतली बाकीची तीन मुलं म्हणतात तो नुसता नमुना. म्हणून प्रत्येक मुलाला तिसऱ्या जागी उभं राहायला मिळालंच पाहिजे, चार-चारच्या गटांत जागा बदलत. पंधरा मुलांत तीन गट होतात, उरलेली तीन मुलं मोठ्या ढोलावर ठोका धरतील. तिसरी जागा मुलांना आधी कंटाळवाणी वाटते, ‘मला काहीच म्हणायचं नाही’ अशी तक्रार येते. दोन-चार फेऱ्यांनंतर तीच जागा सगळ्यांत अवघड आहे हे कळतं आणि मग तिच्यासाठी भांडणं होतात.

यानंतर तेच प्रत्येकाने एकट्याने: पाय ठोक्यावर, तोंडाने ‘ती-ताऽ-ती’. ‘ता’च्या मध्यावर, म्हणजे दुसरा पाय पडतो तिथे, सुरुवातीला आवाजाला छोटा धक्का देऊ द्या: ‘ता-आ’. दोन-तीन तासिकांत तो धक्का काढून टाका, नाहीतर तो कायमचा चिकटतो आणि ऐकायला वाईट लागतो.

आता टाळीबद्दल. ती-ता-ती पहिल्यांदा टाळीने शिकवणं ही या विषयातली सगळ्यांत सर्रास चूक आहे. टाळीला लांबी नसते. ‘ती’ची टाळी आणि ‘ता’ची टाळी ऐकायला सारखीच, फरक फक्त नंतरच्या रिकाम्या जागेत. आणि रिकामी जागा दिसली की मूल ती लवकर भरून टाकतं. धावणं तिथून सुरू होतं. म्हणून आधी आवाज, मग टाळी. टाळी आलीच तर ‘ता’च्या टाळीनंतर तळवे चिकटलेले ठेवून हात पुढे सरकवायचे, स्वर संपेपर्यंत. ‘ती’ची टाळी लगेच सुटते, ‘ता’ची सरकते. लांबी डोळ्यांना दिसते, हातांना जाणवते.

तीन सारख्या टाळ्या का पडतात

तुमच्या वर्गात जे होतंय त्याचं नेमकं गणित असं. ८० च्या लयीत एक ठोका पाऊण सेकंदाचा, दोन ठोके दीड सेकंदाचे. ती-ता-ती बरोबर असेल तर आवाज ०, ०.३७५ आणि १.१२५ सेकंदाला येतात. मूल तीन सारखे करतं तेव्हा ते ०, ०.५ आणि १ सेकंदाला येतात. म्हणजे दुसरा आवाज अष्टमांश सेकंद उशिरा आणि तिसरा तितकाच लवकर. दोन ठोक्यांत तीन आवाज बसवायचे म्हटलं की सर्वांत सोपी वाटणी सारखीच असते, मूल तिथे घसरतं. तबला शिकलेली मुलं तर हमखास घसरतात, कारण दोन मात्रांत तीन सारखे म्हणजे त्यांची ओळखीची आड लय. त्यांना चुकलं म्हणू नका, ‘तू आड धरलीस, हे आड नाही, ही बराबरीतलीच चार अक्षरं आहेत आणि मधली दोन जोडलेली आहेत’ असं सांगा. तेवढ्याने त्यांचं काम होतं.

बाकीच्यांसाठी उपाय हातांत आहे. डाव्या हाताने मांडीवर ठोका, उजव्याने ती-ता-ती. दोन्ही एकत्र काय होतं ते मांडून बघा. पहिल्या अर्ध्यावर दोन्ही हात, दुसऱ्यावर उजवा, तिसऱ्यावर डावा, चौथ्यावर उजवा. म्हणजे नुसतं ‘दोन्ही-उजवा-डावा-उजवा’, चार सारख्या अंतराच्या थापा. ठोका आणि सिंकोपेशन मिळून सरळसोट क्वेव्हर होतात, आणि सरळ क्वेव्हर तर मुलांना येतातच. तेव्हा मोजणं विसरा. मुलांना ‘दोन्ही-उजवा-डावा-उजवा’ म्हणत थापा देऊ द्या, सारख्या अंतराने, जोवर ते गुळगुळीत होत नाही तोवर. मग तोंडाने म्हणणं थांबवून फक्त उजव्या हाताकडे लक्ष द्यायला सांगा: काय ऐकू येतंय? ती-ता-ती. आणि ते तिप्पटीकडे (तीन सारख्या आवाजांकडे) घसरूच शकत नाही, कारण डावा हात मधली खुंटी ठोकून बसलेला आहे.

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांना हेच थेट वाद्यावर न्यायचं. डावीकडे एकच खालचा स्वर क्रॉचेटमध्ये, उजवीकडे एकाच स्वरावर ती-ता-ती. बोटं बदलणं, चाल, सुरावट हे सगळं नंतर. डावखुऱ्या मुलाने हात उलटे घेतले तरी चालेल, पण पियानोवर जायचं असेल तर दोन्ही बाजूंनी करून घ्या.

अक्षरं कोणती वापरायची

मराठी मुलांसाठी एक आयती गोष्ट हाताशी आहे, जी संगीताच्या वर्गात फारशी कुणी वापरत नाही. वृत्तांचे गण शिकताना ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र येतं. त्यातला जगण म्हणजे ‘जभान’: लघु, गुरु, लघु. लघुची एक मात्रा, गुरुच्या दोन. एक-दोन-एक, म्हणजे हुबेहूब ती-ता-ती. ‘जभान जभान’ असं म्हणायला लावा, फक्त बोलताना शेवटचा ‘न’ आपण पाय मोडून म्हणतो तसा नको, श्लोक म्हणताना म्हणतो तसा पूर्ण ‘न’ हवा. ‘भा’ छाटू द्यायचा नाही. पाय ‘ज’वर आणि ‘भा’च्या आ-कारात. मराठीत बोलण्यात आघात सौम्य असतो आणि ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतं, म्हणून इंग्रजी पुस्तकांतले आघातावर बेतलेले शब्द तसेच उचलले तर मुलं ते भलत्याच वजनाने म्हणतात. त्यापेक्षा आपलं लघु-गुरु बरं.

इतर पद्धतींतलं निवडताना एक फरक लक्षात ठेवा. कोडाय पद्धतीतली (हंगेरीच्या झोल्तान कोडायच्या नावाने ओळखली जाणारी संगीतशिक्षणाची पद्धत) ‘ता’, ‘ती-ती’ ही अक्षरं स्वराची लांबी सांगतात. १९९६ साली मांडल्या गेलेल्या ‘ताकादिमी’ पद्धतीतली अक्षरं स्वर ठोक्याच्या कोणत्या जागेवर पडतो ते सांगतात: ठोक्यावर नेहमी ‘ता’, ठोक्याच्या मध्यावर नेहमी ‘दि’. तिच्यात ती-ता-ती म्हणजे ‘ता दि – दि’, आणि दुसऱ्या ठोक्याचा ‘ता’ गायब असतो. सिंकोपेशनसाठी जागा सांगणारी पद्धत खरं तर जास्त उपयोगी, कारण काय हरवलंय ते तिच्यात ऐकू येतं. ‘एक नि – नि’ हेही तेच काम करतं. पण दोन पद्धती एकाच महिन्यात मिसळू नका. एकीकडे ‘ता’ म्हणजे लांब आणि दुसरीकडे ‘ता’ म्हणजे ठोका, यात हुशार मुलंच आधी गोंधळतात.

‘एक नि (दोन) नि’ म्हणताना कंसातला ‘दोन’ असाच काढून टाकायला सांगितला तर मुलं त्याबरोबर त्याची जागाही काढून टाकतात. म्हणून तो आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग नुसते ओठ हलवून, मग फक्त पायाने.

कागदावर आणताना

छापलेलं ती-ता-ती मुलांची दिशाभूल करतं. मधल्या क्रॉचेटमुळे दुसरा ठोका चिन्हात कुठे दिसतच नाही. म्हणून पहिल्यांदा तो क्रॉचेट लिहूच नका. चार क्वेव्हर लिहा, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला टाय (दोन स्वर जोडून एक करणारी वक्र रेघ) द्या. ते आठवडाभर वाचलं की मग सांगा, हे जोडलेले दोन आता एकाच चिन्हाने लिहू.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या करून घेतल्या तर आणखी स्पष्ट होतं. क्वेव्हरची पट्टी ५ सेंटिमीटर, क्रॉचेटची १०. खाली वेगळ्या रंगाच्या, ठोक्याच्या १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा. त्यांचा सांधा १० सेंटिमीटरवर येतो. वर ५-१०-५ अशी रांग लावली की मधली पट्टी बरोबर त्या सांध्यावर आडवी बसते. मुलाला बोट ठेवून सांध्याची जागा दाखवायला सांगा आणि तिथे वरच्या पट्टीवर पेन्सिलीने ठिपका काढा. तो ठिपका म्हणजे पाय. पुढे वहीतही प्रत्येक ठोक्याखाली छोटी उभी रेघ मारायची सवय लावा, आणि ती लवकर सोडवू नका. अनुभवी वादकही अवघड ओळीवर अशा रेघा मारतात.

पट्ट्या कापताना सारख्या मापाच्या हव्यात, नजरअंदाजाने नको. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चार पट्ट्यांत साठतो, सांधा सरकतो आणि सगळा मुद्दाच जातो.

गटात वाजवताना

पंधरा मुलांचे तीन भाग करा. पाच जण ठोका, खालच्या जाड आवाजाच्या वाद्यावर. पाच जण सलग क्वेव्हर, हलक्या आवाजात, शेकर किंवा कागदावर बोटं. पाच जण नमुना, लाकडी काठ्यांसारख्या टणत्कारी वाद्यावर. आवाजांचे पोत वेगळे हवेत, नाहीतर नमुना ठोक्यात मिसळून जातो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. दर आठ ठोक्यांच्या चार फेऱ्यांनंतर कामं बदलायची, न थांबता. तुम्ही ‘बदला’ एवढंच म्हणायचं, तेही ठोक्यावर.

आणि तुम्ही स्वतः ठोक्याच्या गटात. नमुना डळमळायला लागला की शिकवणाऱ्याचा हात आपसूक नमुन्याकडे जातो, मदत म्हणून. त्याच क्षणी ठोका निराधार होतो आणि सगळं कोसळतं. नमुना चुकला तर चुकू द्या, ठोका चालू ठेवा, आणि डोळ्यांनी पुढच्या ‘एक’ला त्यांना परत आत घ्या.

पाय हाताच्या मागे जाणं, म्हणजे हात वाजला की पायही तिथेच पडणं, हे गटात जास्त होतं. बसून पाय आपटणं हा कच्चा आधार आहे, तो हाताला लगेच बळी पडतो. उभं करून वजन डाव्या-उजव्या पायावर टाकायला लावा किंवा चालवा. चालताना मध्येच पाऊल वाढवलं तर तोल जातो, त्यामुळे शरीर ते सहसा होऊ देत नाही. स्विस संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझने (१८६५–१९५०) लयीचं शिक्षण चालण्यापासून सुरू केलं त्यामागे असाच व्यवहारी विचार दिसतो. जागा कमी असेल तर जागच्या जागी डोलणंही चालतं.

जोराबद्दल थोडं. ‘ता’वर वजन येतं हे खरं, पण मुलांना ‘इथे जोरात’ असं सांगितलं की ती जोरात आणि लवकर दोन्ही करतात. ‘जोरात’ऐवजी ‘लांब’ म्हणा. लांबी पुरी दिली की वजन आपोआप येतं.

पुढे काय घ्यायचं

ती-ता-ती आठ ठोक्यांच्या ओळीत कुठेही ठेवलं तरी पडत नाही, असं झाल्यावर पुढचा टप्पा ३+३+२. क्यूबन आणि इतर लॅटिन संगीतात याला त्रेसियो म्हणतात. आठ घरं आखा, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या घरात आवाज. अक्षरं हवी असतील तर ‘नाचूया गाऊया सारे’: तीन, तीन आणि दोन, सगळी अक्षरं सारख्या अंतराने, थाप ना-गा-सा वर. डाव्या हाताने दर दुसऱ्या घरावर ठोका धरला की हातांची भाषा अशी होते: ‘दोन्ही – डावा उजवा डावा – दोन्ही –’. आडव्या रेघेच्या जागी काहीच नाही. इथे मुलं हमखास चौथं घर तिसऱ्यात ओढतात, कारण तिसऱ्यावर ठोका आहे. ‘डावा उजवा डावा’ हा तिकडा वेगळा काढून वीसेक वेळा केला तर सुटतं.

त्यापुढे सोळा घरांचा सोन क्लावे, क्यूबन संगीतातला पायाभूत लयनमुना. त्याच्या ३-२ रूपात आवाज १, ४, ७, ११ आणि १३ या घरांत. पहिला अर्धा म्हणजे त्रेसियोच, नवीन शिकायचं फक्त दुसऱ्या अर्ध्यातलं, जिथे दोन्ही आवाज ठोक्यावर पडतात. मुलांना हा भाग सोपा वाटायला हवा, पण होतं उलट. पहिल्या अर्ध्याच्या नादात ती दुसऱ्या अर्ध्यातले ठोकेही तिरके टाकतात, आणि नवव्या घराची शांतता त्यांना सहन होत नाही. नवव्यावर तो ‘हं’ श्वास परत आणा.

पियानोच्या मुलांना रॅगटाइम (सिंकोपेशनवर उभी असलेली जुनी अमेरिकन पियानो शैली) ऐकवा. स्कॉट जोप्लिनचं १८९९ सालचं ‘मेपल लीफ रॅग’ घ्या: डावा हात घड्याळासारखा सरळ, उजवा सतत त्याच्या आधी-नंतर. वाजवायला या वयात ते फार अवघड आहे, पण डाव्या हाताबरोबर चालायला सोपं आहे. आधी डाव्यावर चाला, मग चालता चालता उजव्याकडे कान द्या. स्विंगची गल्लत इथे होऊ देऊ नका. स्विंगमध्ये ठोक्याचे दोन भाग लांब-आखूड होतात, रॅगटाइम सरळ क्वेव्हरमध्ये आणि सेमीक्वेव्हरमध्ये (पाव ठोक्याच्या स्वरांत) लिहिलेलं असतं. ती-ता-ती पक्कं होण्याआधी स्विंग शिकवलं तर सगळं तिप्पटीकडे वाकतं, म्हणून ते निदान एक सत्र पुढे ढकला.

सेमीक्वेव्हरमधलं लहान रूप, म्हणजे पाव-अर्धा-पाव, एकाच ठोक्यात बसतं. प्रमाण तेच, जभानच, पण दुप्पट जलद. ताकादिमीत ते ‘ता का – मी’. इथे लय ६० ते ६६ पर्यंत उतरवावीच लागते, आणि खाली उतरल्यामुळे ठोका हलतो, म्हणून मेट्रोनोम त्याच्या दुपटीवर, १२० ते १३२ वर, ठेवून अर्ध्या ठोक्याचा आधार द्या.

वेळेचं म्हणाल तर तासाला दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. एका बैठकीत अर्धा तास सिंकोपेशन केलं की शेवटची पंधरा मिनिटं मुलं थकून चुका पक्क्या करतात. मधली जागा सापडायला दोन-तीन आठवडे, ती-ता-ती गाऊन आणि वाजवून स्थिर व्हायला आणखी तीन-चार, वाचून यायला त्यापुढे. काहींना याच्या दुप्पट लागतील.

जमलं की नाही हे तपासताना नमुना वाजवून घेऊ नका, पाठ झालेला नमुना कुणीही वाजवतं. मेट्रोनोम ८४, मूल चालतंय आणि ती-ता-ती म्हणतंय. मध्येच त्याला म्हणा, ‘थांब, म्हणू नको, चालत राहा’. चार ठोक्यांनी ‘म्हण’. पाऊल न बिघडता ते परत पहिल्या ठोक्यावर शिरलं तर आलं. पाऊल थबकलं, किंवा त्याने पुन्हा सुरू करण्यासाठी पावलं जुळवून घेतली, तर पुढच्या तासाला मांडी-टाळी.